शेगडीची सर्व्हिसिंग : खर्च किती आणि कोणाच्या खिशातून?

आमचे भाईजान चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात आहेत. कोणत्या मशीनचे तेल कधी बदलायचे, कोणता पट्टा किती तासांनी उतरवून पाहायचा, हा सगळा तक्ता त्यांना तोंडपाठ असतो. मशीन बंद पडण्याआधीच ठरल्या तारखेला तिची तपासणी करायची, याला कारखान्यात ‘पीएम’ म्हणतात. बंद पडल्यावर धावाधाव करायची, ते ‘ब्रेकडाऊन’. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत ज्या घरातला माणूस कंपनीत जातो, त्या घरातल्या बायकांनाही हे दोन शब्द ठाऊक असतात.

मागच्या रमजानमध्ये एका सहेरीला अम्मीने भाईजानना विचारले, “कंपनीतल्या मशीनचा पीएम करतोस, आपल्या शेगडीचा कधी झाला रे?”

विचारण्याचे कारण होते. चार दिवसांपासून भांड्यांची बुडे काळी पडत होती, आणि बटण फिरवले की क्षणभर वास येत होता. भाईजान मोबाईलचा टॉर्च लावून ओट्याखाली वाकले. नळीवर छापलेले साल वाचायला त्यांना बोटाने चिकट धूळ पुसावी लागली. २०१५. नारिंगी नळी तपकिरी झाली होती आणि शेगडीजवळच्या टोकाला केसासारख्या भेगा होत्या. त्यांनी रेग्युलेटर बंद केला, सिलिंडरवर टोपी बसवली आणि काही न बोलता बाहेर आले. त्या दिवशी आमच्या घरी सहेरी खजूर, दूध आणि रात्रीच्या उरलेल्या चपात्यांवर झाली.

सकाळी दोन प्रश्न समोर आले. बोलवायचे कोणाला, आणि पैसे किती द्यायचे? हे विचारायला आम्ही इमारतीत चार दारे ठोठावली आणि चार वेगवेगळी उत्तरे घेऊन परतलो. एक म्हणाल्या, ही तपासणी फुकट असते. दुसऱ्या म्हणाल्या, आमच्याकडून सहाशे घेतले. तिसऱ्यांना असे काही असते हेच माहीत नव्हते. चौथ्या खाला. त्यांनी कपाटातून एक पिवळी पावती काढून दाखवली. सकाळी अकराच्या सुमारास, फर्स्ट शिफ्टची माणसे कामावर गेलेली असताना, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एकजण त्यांच्या दारात आला होता. “गॅस कंपनीतून आलोय, तपासणी सक्तीची आहे, नाही केलीत तर सिलिंडर बंद होईल.” घरात खाला आणि त्यांची सून, दोघीच. परका माणूस स्वयंपाकघरात किती वेळ उभा ठेवायचा, या संकोचाने त्यांनी लवकर विषय संपवला. नळी, बर्नरवर ठेवायची ‘गॅस वाचवणारी’ जाळी आणि तपासणीचे म्हणून ११५० रुपये दिले. पावतीवर ना एजन्सीचे नाव, ना ग्राहक क्रमांक. नळीवर आयएसआयचा शिक्काही नव्हता.

आमच्या मते या विषयातला खरा खर्च हाच आहे. योग्य दर माहीत नसल्यामुळे आपण एकतर नको त्या माणसाला हजार रुपये देतो, नाहीतर कोणालाच काही देत नाही आणि दहा वर्षांच्या नळीवर रोज दोन वेळचा स्वयंपाक करतो.

दोन वेगळी कामे

आधी एक घोळ मिटवू या. ‘गॅसवाला आला आणि तपासून गेला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळी कामे मिसळलेली असतात.

पहिले काम म्हणजे तेल कंपन्यांनी ठरवून दिलेली सक्तीची सुरक्षा तपासणी. इंडेन, भारत गॅस, एचपी या तिन्ही कंपन्यांच्या घरगुती ग्राहकांसाठी ती दर पाच वर्षांनी करायची असते आणि आपल्याच एजन्सीचा प्रशिक्षित मेकॅनिक ती करतो. गेल्या काही वर्षांत तिचा दर २०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असा २३६ रुपये राहिला आहे. नळी लागली तर तिचे पैसे वेगळे. पोलादी तारेचा थर आत असलेली दीड मीटरची ती नारिंगी ‘सुरक्षा’ नळी एजन्सीकडे दोनशेच्या आत मिळत आली आहे. दर बदलतात, म्हणून बोलावण्याआधी एजन्सीला फोन करून त्या दिवशीचा दर विचारून घ्यावा.

तपासणी फुकट असते म्हणणाऱ्या शेजारीणही चूक नव्हत्या. मध्यंतरी कंपन्यांनी मोफत प्राथमिक तपासणीची मोहीम राबवली होती. सिलिंडर घेऊन येणारा माणूसच ओटा, नळी, रेग्युलेटर पाहून जाई आणि नळी सवलतीत बदलून मिळे. केंद्र सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार या मोहिमेत १२ कोटींहून अधिक तपासण्या झाल्या आणि साडेचार कोटींहून अधिक नळ्या बदलल्या गेल्या. हिशेब मांडून पाहा, साधारण दर पाच तपासण्यांमागे जवळजवळ दोन नळ्या. आमची २०१५ ची नळी एकटी नव्हती तर!

दुसरे काम म्हणजे शेगडीची स्वतःची सर्व्हिसिंग. बर्नर उघडून साफ करणे, गच्च झालेल्या बटणाचा कॉक काढून त्याला ग्रीस लावणे, जेट साफ करणे, झिजलेला बर्नर बदलणे. हे त्या २३६ रुपयांत येत नाही. शेगडी आपल्या मालकीची, तिची डागडुजीही आपली. हे काम शेगडीच्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर, एजन्सीचा मेकॅनिक किंवा बाजारातला चांगला कारागीर करतो.

आमचा हिशेब सांगतो. एजन्सीची तपासणी आणि नळी मिळून सव्वाचारशेच्या आसपास गेले. मेकॅनिकने त्याच फेरीत शेगडीचे दोन्ही कॉक उघडून ग्रीस लावले, बर्नर साफ केले, त्याचे वेगळे अडीचशे. एक पितळी बर्नर झिजला होता, तो आठवड्याने बाजारातून आणला. सगळे मिळून हजाराच्या आत. खालांनी दिले त्यापेक्षा कमी, आणि पावतीवर एजन्सीचे नाव आणि आमचा ग्राहक क्रमांक.

नळी आणि तपासणीचा खर्च पाच वर्षांवर पसरला तर महिन्याला सात-आठ रुपये पडतात. कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर तेवढ्यात एक चहाही येत नाही.

मेकॅनिक खरा की खोटा

खालांच्या प्रसंगानंतर आम्ही एजन्सीत जाऊन याची चौकशी केली. खरा मेकॅनिक सहसा आधी फोन करून किंवा निरोप देऊन येतो. त्याच्याकडे ग्राहक क्रमांक असतो, तो आपल्याला विचारत बसत नाही. तो छापील पावती देतो आणि तपासणीची नोंद एजन्सीच्या दप्तरी होते. तो नवी शेगडी, जाळी, लायटर, ‘सेव्हर’ यातले काहीही घेण्याची सक्ती करू शकत नाही. नवीन कनेक्शन घेतानाही शेगडी एजन्सीकडूनच घेतली पाहिजे, असा नियम नाही. आयएसआय शिक्क्याची कोणतीही शेगडी चालते.

घरात बायकाच असतील तर दार उघडण्याआधी एजन्सीला फोन लावावा आणि येणाऱ्याचे नाव पडताळावे. तेवढा वेळ तो माणूस बाहेर थांबला तर त्यात त्याचा अपमान नाही. खरा असेल तर थांबेल. आमच्याकडे अम्मीने चक्क सांगितले, “बेटा, पाच मिनिटं जिन्यात उभा राहा, पाणी पाठवते.” तो उभा राहिला, पाणीही प्यायला. सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळची वेळ मागितली तर बहुतेक एजन्सी देतात. पुरुषांची शिफ्ट पाहून वेळ ठरवावी हे बरे, पण एक गोष्ट आम्हाला आग्रहाने सांगावीशी वाटते. मेकॅनिक तपासत असताना जी रोज शेगडी पेटवते तिने तिथे असावे, पडदा पाळून का होईना. वास कधी येतो, कोणते बटण अडकते, ज्योत कधी पिवळी होते, हे घरच्या पुरुषाला माहीत नसते. आमच्याकडे मेकॅनिकचे प्रश्न भाईजानना होते आणि उत्तरे सगळी आतून अम्मी आणि भाभी देत होत्या.

पिवळी ज्योत

भांड्याचे बूड काळे पडते ते गॅस ‘खराब’ आला म्हणून नव्हे. आमच्या घरी वर्षानुवर्षे हाच समज होता. ज्योत निळी असते तेव्हा गॅसला पुरेशी हवा मिळते आणि तो पूर्ण जळतो. बर्नरच्या छिद्रांत उतू गेलेले दूध, तेल, डाळ साचली की हवेचे प्रमाण बिघडते, ज्योत पिवळी होते आणि अर्धवट जळालेला कोळसा काजळी बनून बुडाला चिकटतो. म्हणजे गॅस गेला, उष्णता मिळाली नाही, शिवाय भांडे घासण्याचे कष्ट वर. आयएसआय शिक्क्याच्या शेगडीने गॅसच्या उष्णतेपैकी किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला द्यावी, असे मानक आहे. पण ते नव्या, स्वच्छ शेगडीचे. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर ५० रुपयांनी महागला आणि आपल्या भागात साडेआठशेच्या पुढे गेला, तेव्हा घराघरांत बजेटची चर्चा झाली. बर्नर कधी धुतला, याची चर्चा फारशी कुठे झाली नाही.

बर्नर घरी साफ करता येतो. थंड झाल्यावर काढावा, गरम पाण्यात सोडा टाकून भिजवावा, जुन्या ब्रशने घासावा आणि पूर्ण वाळवूनच बसवावा. जेटला मात्र घरी हात लावू नये. पितळेच्या त्या बारीक तुकड्याच्या छिद्रातून किती गॅस बाहेर यायचा, हे त्या छिद्राच्या मापावर ठरते. सुई घालून कोणी ते थोडे मोठे केले की ज्योत कायमची पिवळी.

याच जेटची आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या कुटुंबांनी ध्यानात ठेवायला हवी. महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड, म्हणजे एमएनजीएल, ही गेल आणि भारत पेट्रोलियमची २००६ साली स्थापन झालेली संयुक्त कंपनी. तिचा पाइपचा गॅस आता पिंपरी-चिंचवडच्या अनेक सोसायट्यांत आला आहे. या गॅससाठी शेगडीच्या जेटचे छिद्र मोठे लागते. सोसायटीत राहायला गेलात की माणूस येऊन जेट बदलून देतो. पण नंतर काही कारणाने पुन्हा सिलिंडरच्या घरात राहायला आलात आणि तीच शेगडी तशीच जोडली, तर ज्योत भांड्याच्या बाहेर वर झेपावते. घरे बदलण्याचे प्रमाण आपल्याकडे मोठे आहे. ट्रकमध्ये सामान चढवताना शेगडी कोणत्या गॅसची आहे, हे विचारायला कोणाला सुचते?

दोन्ही गॅसचा स्वभावही वेगळा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर फरशीवर साचतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. म्हणून सिलिंडरच्या घरात नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावे लागते. वास आला तर दिव्याचे, पंख्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, टोपी बसवावी, सगळ्यांना बाहेर काढावे आणि मग बाहेरून फोन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. पाइपच्या गॅसचा तातडीचा क्रमांक बिलावर छापलेला असतो. तो कापून दारामागे चिकटवून ठेवा.

ईदच्या दिवसांबद्दलही दोन शब्द. दोन बर्नरच्या घरगुती शेगडीवर वीस-पंचवीस माणसांच्या बिर्याणीची देग चढवून तासभर दम देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. देगेच्या रुंद बुडामुळे उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही, ती खाली बटणांवर आणि नळीच्या टोकावर उलटते. आमच्या नळीला नेमक्या शेगडीजवळच्या टोकाला भेगा पडल्या होत्या, त्याचे कारण मेकॅनिकने हेच सांगितले. अम्मीला ते पटले नाही. “तीस वर्षं करतेय,” एवढेच त्या म्हणाल्या. मात्र यंदाच्या ईदला मोठी देग गल्लीतल्या मंडपवाल्याच्या भट्टीवर चढली.

गिझर : फजरच्या वेळचा धोका

शेगडी निदान डोळ्यांसमोर असते. गॅस गिझर मात्र बाथरूमच्या कोपऱ्यात असतो आणि त्याची सर्व्हिसिंग केल्याचे आम्ही तरी कोणाकडून ऐकले नाही. विजेपेक्षा स्वस्त आणि लगेच गरम पाणी, म्हणून आपल्या भागात तो घरोघरी आहे. थंडीत फजरच्या वजूसाठी, गुस्लसाठी तो सगळ्यात आधी पेटतो.

बंद जागेत हा गिझर खोलीतलाच प्राणवायू खातो. हवा कमी पडली, बर्नरवर काजळी साचली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला वास यावा म्हणून मुद्दाम एक रसायन मिसळतात, तशी सोय इथे नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक जोराने धरतो. माणसाला चक्कर येते, हातपाय गळतात आणि दाराची कडी उघडण्याचेही बळ राहत नाही. मार्च २०२३ मध्ये मुंबईत घाटकोपर येथे होळीचे रंग धुवायला बाथरूममध्ये गेलेले एक दांपत्य मृतावस्थेत सापडले, तेव्हा संशय गिझरवरच होता. अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात आणि आपण पान उलटतो.

गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या बाजूला बसवून पाणी पाइपने आत घ्यावे. ते शक्य नसेल तर आधी बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा आणि मग अंघोळीला जावे. वर्षातून एकदा बर्नर साफ करून घ्यावा. बाहेर हलवायला प्लंबरचे दीड-दोन हजार जातील, तेवढे जाऊ द्यावेत. या एका खर्चात आम्ही काटकसर सुचवणार नाही.

भाड्याची खोली

आतापर्यंत लिहिले ते स्वतःच्या नावाचे कनेक्शन असलेल्यांसाठी. पण कुरुळी, खराबवाडी, महाळुंगे, नाणेकरवाडी, इकडे मोशी, चिखली, भोसरी येथे हजारो कुटुंबे भाड्याच्या एका खोलीत राहतात. कोणी मराठवाड्यातून आलेले, कोणी बिहार-उत्तर प्रदेशातून. सिलिंडर घरमालकाच्या नावाचा, नाहीतर आधीच्या भाडेकरूने विकलेला, नाहीतर किलोवर भरून मिळणारा छोटा. त्याच खोलीत चार माणसे झोपतात. तिथे २३६ रुपये कोणी द्यायचे?

कोकणातल्या ज्या कुटुंबांचे नातेवाईक ब्रिटनमध्ये आहेत, त्यांनी तिथली एक पद्धत ऐकली असेल. तिथे थंडीमुळे बैठकीच्या खोलीत गॅसची शेगडी बसवलेली असते, घर गरम ठेवायला. भाड्याच्या घरात घरमालकाने पुरवलेल्या प्रत्येक गॅस उपकरणाची तपासणी वर्षातून एकदा घरमालकाने स्वखर्चाने करून घ्यायची, असा तिथे १९९८ चा नियम आहे. सरकारमान्य नोंदवहीत नाव असलेला कारागीरच ती करू शकतो, आणि तपासणीच्या दाखल्याची प्रत २८ दिवसांत भाडेकरूच्या हातात द्यावी लागते. नवा भाडेकरू असेल तर राहायला येण्याआधीच.

आपल्याकडे भाडेकरार होतो तेव्हा लाइटबिल कोणाचे, पाणी किती वेळ, पाहुणे किती दिवस, सगळे ठरते. गॅसचा शब्दही निघत नाही. आपल्या समाजातही खोल्या भाड्याने देणारे अनेक आहेत. ते जकात देतात, इफ्तार घालतात. भाडेकरूची नळी बदलून देणे हे त्याच्या पुढचे नव्हे, आधीचे काम आहे, असे आम्हाला वाटते. खोली दिली म्हणजे त्यात झोपणाऱ्यांची जबाबदारी काही प्रमाणात घेतलीच.

किलोवर भरून मिळणाऱ्या गॅसबद्दल आमचे मत कडक आहे. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस उतरवणे बेकायदा आहे, आणि त्यात काय होऊ शकते हे पिंपरी-चिंचवडने पाहिले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ताथवडे येथे टँकरमधून चोरून सिलिंडर भरताना आग लागली, सिलिंडर एकामागून एक फुटले आणि जवळ उभ्या असलेल्या शाळेच्या गाड्या जळाल्या. ती रात्रीची वेळ होती. दिवसा, मुले असताना झाले असते तर, हा विचारही करवत नाही. पण गरीब माणूस तो गॅस हौसेने घेत नाही. त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा नसतो आणि पूर्ण सिलिंडरचे पैसे एकरकमी नसतात. म्हणून त्याला दोन गोष्टी कळायला हव्यात. एक, पाच किलोचा अधिकृत छोटा सिलिंडर केवळ ओळखपत्र दाखवून एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर मिळतो. किलोमागे तो घरगुती सिलिंडरपेक्षा महाग पडतो, हे खरे. दोन, ऑगस्ट २०२१ पासून उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्यासाठी स्वतःचे घोषणापत्र पुरते. पात्र कुटुंबातल्या बाईच्या नावाने कनेक्शन मिळते. मशिदीच्या सूचनाफलकावर एवढे दोन मुद्दे लागले तरी पुष्कळ.

कनेक्शन आपल्या नावावर आणि आपल्या पत्त्यावर असण्याचा आणखी एक फायदा कोणी सांगत नाही. तेल कंपन्यांनी गॅसच्या अपघातांसाठी सामुदायिक विमा घेतलेला आहे. ग्राहकाला त्याचा वेगळा हप्ता पडत नाही. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख रुपये, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि एका घटनेत जास्तीत जास्त ३० लाख. मालमत्तेच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत, पण ते फक्त अधिकृत ग्राहकाच्या नोंदलेल्या पत्त्यावरच. पिंपरीतून मोशीला घर बदललेल्या आणि एजन्सीत पत्ता न बदललेल्या किती कुटुंबांना हे माहीत असेल? आम्हालाच नव्हते. आमचा पत्ताही आधीच्या घराचा निघाला, तोही याच फेरीत बदलून घेतला.

सहीह बुखारीत एक प्रसंग आला आहे. मदीनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळाले. प्रेषित मुहम्मद (स.) यांना ते सांगितले गेले तेव्हा त्यांनी आगीला माणसाचा शत्रू म्हटले आणि झोपण्याआधी ती विझवण्यास सांगितले. तेव्हा घरात दिवा होता आणि चूल होती. आता सिलिंडर आहे. रात्री शेगडीचे बटण बंद केले म्हणजे विझवले, असे आपण समजतो, पण रेग्युलेटर चालू असेल तर नळीत गॅस रात्रभर उभा असतो आणि नळी जुनी असेल तर तो वाट शोधतो. आमच्या घरी आता इशाच्या नमाजनंतर रेग्युलेटर बंद करण्याचे काम धाकट्या पुतण्याकडे दिले आहे. तो ते इतक्या काटेकोरपणे करतो की रात्री अकराला भाभीला चहा करायचा असेल तर आधी त्याची परवानगी घ्यावी लागते.

सिलिंडर घेतानाही त्यालाच तारीख वाचायला लावतो. वरच्या कड्याखालच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि सालाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे वर्षाचे शेवटचे तीन महिने. त्या मुदतीआधी सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेला आला तर परत पाठवायचा, तो आपला हक्क आहे. वजन करून मागायचे, गळती तपासून मागायची, आणि पावतीवर असेल तेवढेच पैसे द्यायचे.

भाईजानांनी कंपनीतल्यासारखा एक तक्ता करून फ्रिजच्या दारावर लावला आहे. नळी, रेग्युलेटर, बर्नर, गिझर, आणि प्रत्येकासमोर शेवटची तारीख आणि पुढची तारीख. खाला परवा आल्या होत्या, तक्ता पाहत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी पर्समधून ती पिवळी पावती काढली आणि म्हणाल्या, “याच्यावर तुमच्या एजन्सीचा नंबर लिहून दे. आणि त्या पोराला सांग, येताना नळी घेऊनच ये.”